बाहेरच्या टाकीतून जनरेटरला डिझेल: नवख्यांसाठी जोडणीची माहिती

जनरेटरच्या अंगची टाकी बहुतेक वेळा आठ-दहा तास पुरेल एवढीच असते. त्याहून जास्त वेळ चालवायचा तर दर काही तासांनी कॅनने डिझेल ओतत राहावे लागते, नाहीतर शेजारी मोठी टाकी ठेवून तिथून लाइन आणावी लागते. चालू इंजिनावर कॅन धरून डिझेल ओतणे धोक्याचे आहे. सांडलेले डिझेल तापलेल्या एक्झॉस्टवर गेले तर ठिणगीशिवायही पेट घेते. त्यामुळे बाहेरची टाकी जितकी सोयीची, तितकीच ती सुरक्षिततेची गरज आहे.

ही टाकी जोडताना बरेच जण एक नळी टाकीत सोडतात, दुसरे टोक इंजिनाला लावतात आणि काम झाले असे समजतात. डिझेल इंजिनाला मात्र तीन वाटा लागतात: डिझेल येण्याची, उरलेले डिझेल परत जाण्याची आणि टाकीत हवा शिरण्याची. यातली एक जरी चुकली तरी जनरेटर बंद पडतो, आणि तो बहुधा पूर्ण लोडवर असतानाच पडतो.

आधी आपले इंजिन ओळखा

काहीही विकत घेण्यापूर्वी अंगच्या टाकीतून निघणाऱ्या नळ्या हाताने माग काढत इंजिनापर्यंत जाऊन पाहा. तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार लहान, एअर-कूल्ड, एक सिलिंडरच्या जनरेटरचा. टाकी इंजिनाच्या डोक्यावर असते आणि डिझेल उतारानेच खाली येते. फीड पंप, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणारा पंप, बहुधा नसतोच. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, पाझरलेले डिझेल एका बारीक नळीने टाकीत परत जाते.

दुसरा प्रकार मधल्या आकाराचा. टाकी खाली, बेसफ्रेममध्ये असते. फीड पंप डिझेल ओढतो, फिल्टरमधून एफआय पंपाला (इंजेक्टरला जास्त दाबाने डिझेल देणाऱ्या फ्युएल इंजेक्शन पंपाला) देतो आणि नको असलेले डिझेल रिटर्न लाइनने टाकीत जाते. फीड पंपावर हाताने दाबायचा लिव्हर किंवा गोल बटण दिसले की हा प्रकार ओळखता येतो.

तिसरा प्रकार कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) आणि युनिट इंजेक्टरवाल्या (पंप व इंजेक्टर एकत्र असलेल्या) इंजिनांचा. इथे इंजिन जाळते त्याच्या कितीतरी पट डिझेल फिरवत असते, कारण तेच डिझेल इंजेक्टरला थंडही ठेवते. रिटर्नने परत येणारे डिझेल हाताला चांगलेच गरम लागते.

इंजिन कोणत्या प्रकारचे आहे यावरून नळीचा आकार, टाकीची उंची आणि जोडणीची पद्धत ठरते. मॅन्युअलमध्ये तीन आकडे शोधा: एकूण डिझेल प्रवाह, फीड पंपाच्या तोंडाशी चालणारा जास्तीत जास्त व्हॅक्यूम आणि रिटर्न लाइनमध्ये चालणारा जास्तीत जास्त दाब. ते मिळाले तर पुढचा अंदाजाचा भाग बराच कमी होतो.

टाकी किती मोठी हवी

ढोबळ हिशोब असा: लहान आणि मध्यम जनरेटर एक युनिट वीज बनवायला ०.३ लिटरच्या आसपास डिझेल घेतो. मोठी इंजिने ०.२५ ते ०.२७ लिटरमध्ये भागवतात. अगदी लहान जनरेटर, किंवा फारच कमी लोडवर चाललेला कुठलाही जनरेटर, ०.४ च्या पुढेही जातो.

२० केव्हीएचा जनरेटर म्हणजे १६ किलोवॅट. तीन चतुर्थांश लोडवर १२ किलोवॅट, म्हणजे तासाला साधारण ३.६ लिटर. दोन दिवस अखंड चालवायचा तर १७३ लिटर. आता टाकी घेताना तळाचे पाच टक्के सोडून द्या, कारण तिथे पाणी आणि गाळ बसतो. वरचे पाच टक्केही सोडा, कारण डिझेल तापले की फुगते: १००० लिटर डिझेल २० अंशांनी तापले तर साधारण १६ ते १७ लिटरने वाढते. म्हणजे २०० लिटरच्या टाकीतले १८० लिटर कामाचे, आणि ते या उदाहरणाला पुरतात.

गरजेपेक्षा फार मोठी टाकी घेऊ नका. डिझेल वर्षानुवर्षे टिकत नाही. सहा महिने ते वर्षभरात संपेल एवढाच साठा ठेवा. शिवाय किती लिटरपर्यंत विनापरवाना साठवता येते हे ठिकाणाप्रमाणे बदलते. टाकी आणण्याआधी त्याची चौकशी करून घ्या.

जोडणीच्या पद्धती, आणि नवख्याने कोणती घ्यावी

पहिली पद्धत थेट जोडणीची. इंजिनाची सक्शन (डिझेल ओढणारी) आणि रिटर्न (परत सोडणारी), दोन्ही लाइन अंगच्या टाकीवरून काढून बाहेरच्या टाकीला जोडायच्या. दोन्ही टाक्या वापरात ठेवायच्या असतील तर दोन्ही लाइनवर थ्री-वे (तीन तोंडांचे) व्हॉल्व्ह लागतात.

दुसरी पद्धत भरत राहण्याची. इंजिनाची मूळ जोडणी जशीच्या तशी ठेवायची आणि बाहेरच्या टाकीतून छोट्या पंपाने अंगची टाकी भरत राहायची. पंप फ्लोट स्विचवर, म्हणजे डिझेलच्या पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या तरंगत्या स्विचवर, चालतो.

तिसरी पद्धत उताराची. बाहेरची टाकी उंचावर ठेवून फ्लोट व्हॉल्व्हमधून अंगची टाकी भरायची. वीज लागत नाही, पण फ्लोट व्हॉल्व्हखाली एक कण अडकला तरी वरची सगळी टाकी खाली रिकामी होऊ शकते. ही पद्धत वापरायचीच असेल तर लाइनमध्ये सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडबंद होणारा) आणि खाली पूर्ण साठा मावेल असे सांडपात्र हवेच.

नवख्याने दुसरी पद्धत घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. फीड पंप किती उंचीवरून ओढू शकतो, रिटर्नमध्ये दाब किती, हे प्रश्न उरतच नाहीत, कारण इंजिनाला आपण हातच लावलेला नसतो. बाहेरची लाइन बिघडली तरी अंगच्या टाकीतल्या डिझेलवर जनरेटर काही तास चालतो आणि दुरुस्तीला वेळ मिळतो. थेट जोडणीत तेवढी सवड मिळत नाही. डोक्यावर टाकी असलेल्या लहान जनरेटरलाही हीच पद्धत सोयीची.

पेट्रोल जनरेटरवाले एक युक्ती करतात: टाकीचे झाकण हवाबंद करून त्यातून नळी बाहेरच्या कॅनमध्ये सोडतात, आणि इंजिनाचा पंप व्हॅक्यूमने पेट्रोल ओढून घेईल यावर विसंबतात. डिझेल जनरेटरवर ती करू नका. फीड पंप नसलेल्या इंजिनात ओढणारेच कोणी नसते, आणि फीड पंप असलेल्यात रिटर्नचे डिझेल व हवा त्याच बंद टाकीत येत राहतात, म्हणून व्हॅक्यूम टिकत नाही.

रिटर्न लाइन: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

थेट जोडणीत सक्शन बाहेरच्या टाकीला लावले आणि रिटर्न अंगच्या टाकीतच राहिले तर काय होते ते आकड्यांत पाहा. समजा इंजिन तासाला ५ लिटर जाळते आणि ४० लिटर परत पाठवते. अंगची टाकी ६० लिटरची, अर्धी भरलेली. ती ४५ मिनिटांत तुडुंब भरते आणि त्यानंतर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल ब्रीदरमधून (टाकीत हवा येण्याच्या तोंडातून) बाहेर पडू लागते, तेही जनरेटरच्या बंद कॅनोपीच्या (पेटीच्या) आत, तापलेल्या इंजिनाशेजारी. जनरेटर मात्र मजेत चालू असतो, त्यामुळे कोणाचे लक्ष जात नाही.

म्हणून सक्शन आणि रिटर्न एकाच वेळी, एकाच टाकीकडे वळले पाहिजेत. दोन वेगळे थ्री-वे व्हॉल्व्ह लावण्यापेक्षा एकाच हँडलने दोन्ही लाइन फिरवणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह घ्या. वेगळेच व्हॉल्व्ह असतील तर दोन्ही हँडल पट्टीने जोडून टाका.

रिटर्नमध्ये बंद होऊ शकेल असा व्हॉल्व्ह लावू नका. रिटर्न बंद राहून इंजिन चालले तर होज उडते किंवा पंपाचे सील जाते. थ्री-वे व्हॉल्व्हही असा निवडा की फिरवताना मध्येच दोन्ही वाटा बंद होणार नाहीत. रिटर्नची नळी सक्शनएवढ्याच व्यासाची ठेवा, बारीक करू नका. टाकीत ती वरच्या बाजूने, सक्शनपासून किमान ३०० मिमी दूर सोडा. जवळ सोडली तर गरम आणि बुडबुडे असलेले डिझेल लगेच पुन्हा ओढले जाते. गरम डिझेल पातळ आणि हलके होते, इंजिनाची ताकद घटते. कॉमन रेल इंजिनावर छोटी टाकी जोडली की दुपारपर्यंत हा त्रास दिसायला लागतो.

उंची

एक मीटर उंचीच्या डिझेलच्या स्तंभाचा दाब साधारण ०.०८ बार, म्हणजे पाऱ्याचे ६२ मिमी. फीड पंप बाहेरच्या टाकीपेक्षा एक मीटर वर असेल तर एवढा व्हॅक्यूम नुसत्या उंचीतच खर्च होतो. नळीचे घर्षण, फिल्टर, एल्बो आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) यांचे वेगळे. टाकीचा तळ फीड पंपाच्या खाली एक मीटरच्या आत ठेवला तर बहुतेक इंजिने बिनतक्रार ओढतात. त्याहून खाली गेलात तर मध्ये इलेक्ट्रिक पंप लागतो.

टाकी फार वर ठेवण्याचा धोका जास्त गंभीर आहे, कारण तो लगेच दिसत नाही. थेट जोडलेल्या टाकीतली पातळी इंजेक्टरच्या वर असेल तर इंजिन बंद असताना डिझेल झिजलेल्या नोझलमधून सिलिंडरमध्ये किंवा पंपाच्या सीलमधून ऑइल संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे) उतरू शकते. सिलिंडरमध्ये साठलेले डिझेल दाबले जात नाही, मग पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. संपमध्ये उतरले तर ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात. म्हणून भरलेल्या टाकीची पातळीही इंजेक्टरच्या खाली ठेवा. ते जमत नसेल तर इंजिन बंद होताच बंद होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावा. ज्या लहान इंजिनांची टाकी मुळातच डोक्यावर असते ती या हिशोबानेच बनवलेली असतात, पण त्यांनाही मूळ टाकीहून बरीच उंच टाकी जोडू नये.

सामान

टाकी एमएस (साध्या पोलादी) पत्र्याची, आतून कोरी, गॅल्व्हनाइज (जस्ताचा मुलामा) न केलेली, किंवा डिझेलसाठीच बनवलेली एचडीपीई प्लॅस्टिकची. पाण्याची जुनी टाकी चालत नाही. टाकीला या गोष्टी हव्यात: झाकणाला कुलूप असलेले भरण्याचे तोंड, जाळी लावलेला व खाली वळवलेला व्हेंट पाइप (हवा येण्या-जाण्याचा), तळापासून ४० ते ५० मिमी वर संपणारी सक्शन नळी, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ड्रेन कॉक आणि पातळी बघायला डिपस्टिक किंवा गेज. टाकी ड्रेनच्या बाजूला किंचित उतरती बसवा. सक्शन टाकीच्या माथ्यावरून काढा. तळातून काढलेली लाइन तुटली तर सगळा साठा जमिनीवर येतो.

टाकीखाली सांडपात्र हवे, आणि त्याची क्षमता टाकीच्या ११० टक्के असावी.

पाइप काळ्या एमएसचा किंवा स्टेनलेसचा. गॅल्व्हनाइज पाइप आणि फिटिंग वापरू नका: जस्त डिझेलशी रासायनिक क्रिया करते, त्यातून साबणासारखा गाळ तयार होतो आणि तो फिल्टर व नोझल चोंदवतो. तांबे बऱ्याच जुन्या जोडण्यांत दिसते, पण तांब्यामुळे साठवलेले डिझेल लवकर खराब होते. नवीन कामात ते टाळलेलेच बरे. इंजिन हलते, म्हणून त्याच्याजवळचा शेवटचा तुकडा लवचीक हवा, आणि तो इंधनासाठीच असलेल्या नायट्राइल रबरी होजचा. बागेची नळी, साधी रबरी नळी किंवा पारदर्शक पीव्हीसी नळी काही महिन्यांत फुगते किंवा कडक होऊन चिरते.

व्यासाचा अंदाज: २० केव्हीएपर्यंत आणि ५ मीटरच्या आत ८ ते १० मिमी आतला व्यास पुरतो. त्यापुढे किंवा लांबी वाढली तर १२ मिमी. मोठ्या आणि कॉमन रेल इंजिनांना मॅन्युअलमधल्या एकूण प्रवाहावरूनच व्यास ठरवा. नुसत्या खपावर ठरवलेला व्यास तिथे हमखास कमी पडतो.

बाकी: फुल-बोअर (आतली वाट पाइपएवढीच रुंद असलेला) बॉल व्हॉल्व्ह, टाकीच्या टोकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी वेगळे करणारा फिल्टर (पारदर्शक वाटीवाला, १० ते ३० मायक्रॉन), नवे कॉपर वॉशर, रुंद पट्टीच्या होज क्लिप आणि डिझेल सहन करणारे द्रव थ्रेड सीलंट. टेफ्लॉन टेप नको. तिचे तंतू तुटून फिल्टरच्या पुढे गेले तर थेट पंपात अडकतात. सक्शनच्या बाजूला २ मायक्रॉनचा बारीक फिल्टरही लावू नका. फीड पंप ओढू शकत नाही आणि लोड आला की इंजिन गुदमरते. बारीक गाळण्याचे काम इंजिनाचा स्वतःचा फिल्टर पंपाच्या पुढे करतोच.

भरण्याची पद्धत: टप्प्याटप्प्याने

१. जनरेटर बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, इंजिन गार होऊ द्या. जवळ फोम किंवा ड्राय पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचे नाही.

२. बाहेरची टाकी इंजिनाच्या एक्झॉस्ट आणि रेडिएटरच्या गरम झोतापासून दूर, सपाट पायावर बसवा. २०० लिटर डिझेलचेच वजन १७० किलोच्या आसपास भरते. धातूची टाकी अर्थिंगला जोडा.

३. टाकीतून निघाल्यावर या क्रमाने जोडा: बॉल व्हॉल्व्ह, पाणी वेगळे करणारा फिल्टर, पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि शेवटी अंगची टाकी. पंप बाहेरच्या टाकीजवळ आणि शक्य तितका खाली ठेवा. पंप ढकलण्यात तरबेज असतात, ओढण्यात कमजोर.

४. पंप लहानच घ्या. तासाला ६० ते १०० लिटर देणारा १२ व्होल्टचा पंप मध्यम जनरेटरला भरपूर होतो. मिनिटाला ४० लिटरचा बॅरल पंप लावला आणि फ्लोट अडकला तर टाकीतली उरलेली १० लिटर जागा १५ सेकंदांत भरते आणि पुढचे डिझेल जमिनीवर जाते.

५. भरणाऱ्या नळीचे टोक अंगच्या टाकीत पातळीच्या वर संपू द्या, बुडवू नका. बुडवले आणि बाहेरची टाकी खाली असली तर पंप बंद झाल्यावर डिझेल सायफनने परत जाऊ शकते. बाहेरची टाकी वर असेल तर उलटा धोका: बरेच लहान पंप बंद असतानाही डिझेल पुढे वाहू देतात. म्हणून सोलेनॉइड व्हॉल्व्ह वीज नसताना बंद राहणारा घ्या आणि तो पंपाच्याच रिलेवर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालवा.

६. अंगच्या टाकीत फ्लोट स्विच बसवा: ३० टक्क्यांवर पंप चालू, ८५ टक्क्यांवर बंद. वर ९५ टक्क्यांना एक स्वतंत्र फ्लोट ठेवा. तो पंपाची वीज सरळ तोडेल आणि भोंगा वाजवेल. हा तिसरा फ्लोट पहिल्या दोघांच्या वायरिंगवर अवलंबून नको, नाहीतर रिले चिकटला की तिन्ही निकामी. फ्लोट पंपाचा पूर्ण करंट पेलत नाहीत, मध्ये रिले आणि फ्यूज हवाच. जमल्यास टायमरही: नेहमी १५ मिनिटांत भरणारा पंप २५ मिनिटे चालला तर तो बंद व्हावा.

७. अंगच्या टाकीतून बाहेरच्या टाकीत किंवा सांडपात्रात ओव्हरफ्लो पाइप न्या. त्याचा व्यास भरणाऱ्या नळीच्या किमान दुप्पट, आणि सगळी लांबी उतरती असावी. मध्ये कुठेही खोलगट वळण नको.

८. शेजारी हातपंप जोडून ठेवा. इलेक्ट्रिक पंप रात्री बिघडला तर तोच कामाला येतो.

इंजिनाजवळच्या भागात आग लागली तर लाइन आपोआप बंद करणारा, उष्णतेने वितळणाऱ्या कडीचा फायर व्हॉल्व्ह मोठ्या जोडण्यांत लावतात. तो येणाऱ्या लाइनवर बसवतात, रिटर्नवर कधीच नाही.

थेट जोडणी केली असेल तर एअर काढणे

थेट जोडणीत लाइन उघडली म्हणजे आत हवा शिरली. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. त्यामुळे एफआय पंपात थोडी जरी एअर राहिली तरी नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडून फिल्टरच्या माथ्यावरचा एअर स्क्रू एक-दीड आटा सैल करा. फीड पंपाचा लिव्हर हाताने मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल येईल. लिव्हर मारता मारताच स्क्रू घट्ट करा. आता एफआय पंपावरच्या स्क्रूपाशी हेच करा. लिव्हर ढिला लागत असेल आणि डिझेल येत नसेल तर पंप खराब ठरवू नका: कॅमचा उंचवटा नेमका पंपाखाली आलेला असतो. क्रँक एक फेरा फिरवला की लिव्हरला पुन्हा जोर येतो.

एवढ्यावर स्टार्ट झाले नाही तर इंजेक्टरकडच्या हाय प्रेशर पाइपचा नट अर्धा आटा सैल करून १० सेकंद स्टार्टर मारा. उडी मारून डिझेल आले की नट घट्ट करा. दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टरला मिनिट-दोन मिनिटे विश्रांती द्या. नटाजवळ बोट नेऊ नका. साध्या इंजेक्टरचा दाबही २०० बारच्या आसपास असतो, आणि ती धार कातडीत घुसते. तसे झाले तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच रुग्णालयात जा. कॉमन रेल इंजिनाचे नट सैल करायचेच नाहीत, तिथे दाब हजार बारच्या वर जातो. मॅन्युअलमधली प्रायमिंगची (लाइन डिझेलने भरून हवा काढण्याची) रीत वापरा.

नवा फिल्टर बसवताना तो वरून डिझेल ओतून भरण्याची सवय दिसते. पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरला ते चालते. पंपाच्या पुढच्या बारीक फिल्टरच्या मधल्या भोकातून ओतलेले डिझेल मात्र न गाळता थेट एफआय पंपात जाते. त्याला प्रायमिंगनेच भरा.

चाचणी

सक्शन लाइनमधली गळती ठिबकत नाही, ती हवा आत ओढते. बाहेरून सगळे कोरडे दिसते म्हणून जोडणी चांगली असे समजू नका. चाचणीपुरता फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा घाला आणि पूर्ण लोडवर किमान एक तास चालवा. सुरुवातीचे तुरळक बुडबुडे थांबले पाहिजेत. सतत बारीक बुडबुडे येत असतील तर एकेक सांधा तपासा. पहिला संशय बॅन्जो बोल्टखालच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टखालच्या) जुन्या कॉपर वॉशरवर घ्या, दुसरा फिल्टरच्या वाटीच्या रिंगवर. तरी सापडेना तर टाकी व इंजिन दोन्हीकडून लाइन सोडवा, एक टोक बंद करा आणि ०.३ बार हवा भरून साबणाचे पाणी लावा. टाकीत हवेचा दाब कधीही भरायचा नाही. चाचणी झाली की पारदर्शक तुकडा काढून टाका.

व्हॅक्यूम गेज मिळाले तर फीड पंपाच्या तोंडाशी टी लावून पूर्ण लोडवर आकडा नोंदवून ठेवा. सहा महिन्यांनी तो वाढलेला दिसला तर फिल्टर चोंदत आहे हे इंजिन बंद पडण्याआधीच कळते.

भरण्याच्या पद्धतीत फ्लोट हाताने उचलून तिन्ही पातळ्या तपासा. मग पंप बंद करून अंगच्या टाकीकडचे टोक कॅनमध्ये धरा आणि पाच मिनिटे पाहा. धार चालूच राहिली तर सायफन लागले आहे, आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद होत नाही.

बिघाड आणि त्यांची कारणे

स्टार्ट होऊन दोन-तीन मिनिटांत बंद: टाकीचा व्हॉल्व्ह बंद राहिला आहे किंवा लाइनमध्ये एअर आहे. फिल्टर आणि पंपातले डिझेल संपेपर्यंतच इंजिन चालले.

तासभर छान चालून बंद, थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू: व्हेंट बंद. टाकीत व्हॅक्यूम तयार होतो, आणि इंजिन थांबल्यावर हळूहळू हवा शिरून तो सुटतो. झाकण उघडताना फुस्स आवाज आला की खात्री. पातळ प्लॅस्टिकच्या टाकीची बाजू आत ओढलेली दिसते. व्हेंटच्या जाळीवर कीटक घर करतात, तिथून तपासायला सुरुवात करा.

रिकामे चालते, लोड टाकला की आवाज बसतो: अडथळा. फिल्टर चोंदला, होज दुमडली, व्यास कमी पडला किंवा होजचा आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो आहे. शेवटचे कारण बाहेरून दिसत नाही, म्हणून जुनी होज बदलूनच पाहावी.

सकाळी स्टार्ट व्हायला जड, एकदा झाले की दिवसभर ठीक: रात्री लाइनमधले डिझेल टाकीत उतरते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये कण अडकला आहे किंवा कुठेतरी हवा शिरते आहे.

वेग वरखाली होतो आणि पांढरा धूर येतो: एअर. काळा धूर असेल तर टाकी-लाइनच्या मागे लागू नका, एअर फिल्टर आणि लोड तपासा.

इंजिन ऑइलची पातळी वाढली, डिपस्टिकला डिझेलचा वास: फीड पंपाचा पडदा फाटला किंवा टाकी जास्त उंच आहे. कारण सापडून ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालवू नका.

देखभाल

पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची वाटी रोज पाहा, तळाशी पाण्याचा थर दिसला की सोडून द्या. महिन्यातून एकदा टाकीचा ड्रेन कॉक उघडून काचेच्या बरणीत अर्धा लिटर घ्या आणि दहा मिनिटे ठेवा. खाली स्वच्छ पाणी दिसले तर ते हवेतल्या दमटपणाचे किंवा झाकणातून गेलेले. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर काळपट, बुळबुळीत पापुद्रा दिसला तर टाकीत जंतू वाढले आहेत. ते पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. नुसता फिल्टर बदलून भागत नाही: पाणी काढा, टाकी धुऊन घ्या आणि डिझेलसाठीचे जंतुनाशक डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. टाकी शक्यतो भरलेली ठेवा, मोकळी जागा कमी म्हणजे आत साचणारे दवही कमी. बायोडिझेल मिसळलेले इंधन पाणी जास्त धरते, तिथे ही तपासणी पंधरवड्याने करा.

कडक थंडीच्या ठिकाणी डिझेलमधले मेण गोठून पहिल्यांदा फिल्टर बंद होतो. बाहेरची उघडी लाइन गुंडाळा आणि थंडी सुरू होण्याआधीच हिवाळी डिझेल भरा. एकदा मेण धरलेल्या लाइनवर उघडी ज्योत फिरवायची नाही, गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळून ती मोकळी करा.

नव्या जोडणीनंतर पहिला फिल्टर २५ ते ५० तासांतच बदला. पाइप कापताना आणि आटे पाडताना राहिलेला बारीक चुरा त्यातच येतो. दोन जादा फिल्टर, कॉपर वॉशरचे एक पाकीट आणि एअर स्क्रूला बसणारा पाना जनरेटरच्या खोलीतच टांगून ठेवा.